कारखान्याच्या उलट वाटेने

जुनी डाय-कास्ट गाडी हाती लागली की आधी ती पालथी करावी. वरचा रंग टवके उडून विटलेला असतो, टायर गळून गेलेले असतात, छपरावर कुणीतरी लहानपणी बॉलपेनने रेघोट्या मारलेल्या असतात. यावरून गाडीबद्दल फारसे कळत नाही. खालच्या बाजूने कळते. लेस्नी कंपनीची मॅचबॉक्स गाडी असेल तर तळाच्या पत्र्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी' असे लिहिलेले असते, सोबत गाडीचे नाव आणि मालिकेतला क्रमांक. डिंकी असेल तर मेकॅनो कंपनीचे नाव सापडते. आणि त्याच पत्र्यावर एखाद-दोन चपटी गोल डोकी दिसतात. ही रिवेटची डोकी. गाडीच्या वरच्या भागाच्या आत, धातूबरोबरच ओतलेला एक छोटा खांब असतो. तो तळाच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याचे टोक दाबून पसरवलेले असते. कारखान्यात गाडी जोडताना हे काम सगळ्यात शेवटी झालेले असते. दुरुस्तीला बसणाऱ्याचे काम नेमके तिथून सुरू होते.

या छंदाचे सगळे मर्म या उलट्या क्रमात आहे असे माझे मत आहे. कारखान्यात आधी धातू वितळला, साच्यात गेला, कडा साफ झाल्या, रंग चढला, भट्टीत सुकला, मग काच बसली, चाके बसली आणि तळ ठोकला गेला. आपल्याला तळापासून मागे मागे जात उघड्या धातूपर्यंत पोचायचे असते आणि तिथून पुन्हा पुढे यायचे असते. प्रत्येक टप्प्यावर कारखान्याने काय केले होते आणि का, हे माहीत असले की निम्मे काम झाले. यूट्यूबवर गंजकी गाडी दहा मिनिटांत लखलखीत होताना दिसते. ते पाहायला आवडतेच. पण हात कसा चालवायचा ते तिथे दिसते, तसाच का चालवायचा ते क्वचितच कळते. हे प्रकरण त्या 'का'साठी आहे.

म्हणून आधी कारखाने. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने 1901 मध्ये भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे मेकॅनो. त्याच्या कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाड्याही खपू लागल्या आणि त्या रुळांशेजारी मांडायला 1933 मध्ये सहा छोट्या वाहनांचा संच निघाला. पुढच्याच वर्षी या वाहनांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. आगगाडीच्या देखाव्यासाठी केलेली वस्तू मुलांनी स्वतंत्र खेळणे म्हणून उचलली.

लेस्नीची सुरुवात वेगळी. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी 1947 मध्ये लंडनमध्ये ओतकामाचा कारखाना काढला. आडनाव एकच असले तरी त्यांचे नाते नव्हते, मैत्री होती. उद्योगांना लागणारे सुटे भाग ओतून देणे हा त्यांचा धंदा. जॅक ओडेल हा साचे करण्यात विलक्षण हात असलेला माणूस त्यांना येऊन मिळाला आणि मधल्या रिकाम्या वेळात खेळणी ओतली जाऊ लागली. कोरियन युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये खेळण्यांसाठी जस्त वापरण्यावर बंधने आली, तेव्हा हे काम काही काळ थंडावले. बंधने उठल्यावर 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त त्यांनी राजरथाची छोटी प्रतिकृती काढली. तिचे दहा लाखांहून अधिक नग खपले. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती, म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला, आणि तिच्या मैत्रिणींना तसाच हवासा झाला, अशी हकीकत सांगितली जाते. 1953 मध्येच मॅचबॉक्स मालिका सुरू झाली आणि तिचा पहिला क्रमांक रोडरोलरचाच होता.

तिसरे नाव कॉर्गी. वेल्समधल्या स्वान्सी इथल्या मेटॉय कंपनीने 1956 मध्ये या गाड्या आणल्या. त्यांच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा होत्या आणि जाहिरातीतही त्याच मिरवल्या जात. त्यानंतर इतरांनाही काचा बसवाव्या लागल्या. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे: जुन्या बिनकाचेच्या गाडीत आत फक्त पोकळी असते, नंतरच्या गाडीत काच, आसने, स्टिअरिंग असा एकात एक बसवलेला संसार असतो आणि तो कुठल्या क्रमाने निघाला ते लिहून ठेवावे लागते.

1968 मध्ये अमेरिकेतल्या मॅटेलने हॉट व्हील्स आणली. बारीक तारेचा ॲक्सल, कमी घर्षणाची चाके, उतारावरून सुसाट पळणारी गाडी. लेस्नीला पुढच्या वर्षी 'सुपरफास्ट' चाके काढावी लागली आणि जुनी जाड ॲक्सलवरची चाके मागे पडत गेली. पुढच्या काळात ब्रिटिश कारखाने तगले नाहीत. डिंकीचा लिव्हरपूलमधला बिन्स रोडवरचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला, लेस्नी 1982 मध्ये बुडाली, मेटॉय 1983 मध्ये.

आपल्याकडे या गाड्या परदेशाहून आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून आल्या. पण एक वाट याहून सरळ होती. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या ओतल्या गेल्या. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी एखादी दिसली तर तळ नीट पाहावा. डिंकीचे नाव खोडल्याच्या खुणा तिथे सापडू शकतात. ब्रिटिश डिंकीच्या मानाने यांचा रंग आणि ओतकाम काहीसे ओबडधोबड असते. त्यामुळे अनेक जण निकी गाडी 'डिंकीसारखी' सफाईदार करायला जातात. तसे करू नये. तिची खडबड ही तिचीच ओळख आहे, आणि आपल्या देशातल्या खेळण्यांच्या इतिहासाचा हा भाग फार थोड्या वस्तूंतून उरलेला आहे.

आता धातू. या गाड्या लोखंडाच्या नाहीत, म्हणून त्यांना तांबडा गंज चढत नाही. तांबडा दिसला तर तो ॲक्सलचा किंवा तळाच्या पत्र्याचा. गाडीचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत थोडे तांबे. अमेरिकेत याला झॅमॅक म्हणतात, ब्रिटनमध्ये मॅझॅक. हा धातू 400 अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. त्यामुळे पोलादी यंत्राचा पंप थेट वितळलेल्या धातूत बुडवून ठेवता येतो आणि तो रस दाबाने पोलादी साच्यात घुसवता येतो. साच्यात जाताच तो थिजतो. दाबामुळे दाराची मूठ, बॉनेटची जाळी, दिव्याची कड असे केसाएवढे तपशीलही उठतात. गाडीच्या छपराच्या आतल्या बाजूला छोटी गोल वर्तुळे दिसतात ना, ती साच्यातून गाडी बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांची खूण. ती कानशीने घासून 'स्वच्छ' करू नये.

या धातूला एक रोग आहे आणि त्याची ओळख पटल्याशिवाय दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कुठलीही गाडी विकत घेऊ नये. मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर धातूच्या कणांच्या सीमांवर गंजण्याची क्रिया सुरू होते. बाहेरून फार काही दिसत नाही, पण आत कणाकणाचा सांधा सुटत जातो. गाडी फुगते, वाकते, अंगावर जाळीसारख्या भेगा येतात, आणि शेवटी बोटाने दाबले तरी तुकडे पडतात. शिशाचे प्रमाण हजारात एका भागाच्याही कितीतरी खाली लागते. शेकडा काही हजारांश इतके. म्हणूनच या कामाला 99.99 टक्के शुद्ध जस्त हवे. 1920-30च्या दशकांत ते सर्वांना, सर्वकाळ मिळत नव्हते, आणि कारखान्यात शिशाचे इतर काम चालू असेल तर त्याचा कचराही धातूच्या कढईत जाई. त्यामुळे युद्धपूर्व डिंकी आणि हॉर्नबीच्या आगगाड्या या रोगाने फार ग्रासल्या. युद्धानंतरच्या गाड्यांत तो क्वचित आढळतो.

यावर इलाज नाही. रंग लावून भेगा झाकता येतात, एपॉक्सी भरून आकार धरून ठेवता येतो, पण क्रिया आत चालूच राहते. उष्णता आणि दमटपणा तिला वेग देतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. अशी गाडी घरात असेलच तर ती कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, कमीत कमी हाताळावी आणि दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. अंगावरची पांढुरकी भुकटी मात्र वेगळी. ती वरवरची असते, ओलाव्याने जस्तावर येते आणि मऊ ब्रशने निघते. दोन्ही गोष्टी सारख्या समजून चांगल्या गाड्या टाकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

जस्ताचा आणखी एक स्वभाव आपल्या घरांत घात करतो. तांब्या-पितळेची भांडी आपण पिढ्यान्‌पिढ्या चिंच-मिठाने, लिंबाने घासत आलो. जुनी धातूची वस्तू दिसली की हात आपोआप चिंचेकडे जातो. जस्ताला आम्ल चालत नाही. पृष्ठभाग काळवंडतो, खड्डे पडतात. मग कुणी सांगते की कॉस्टिक सोड्यात बुडवा, रंग सुटून येईल. रंग सुटतो खरा, पण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही अल्कलीतही विरघळतात. जास्त वेळ ठेवले तर जाळीचे बारीक तपशील कायमचे जातात. कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यानेच पहिली धुलाई करावी. पुष्कळदा एवढ्यावरच काम थांबवता येते. धूळ आणि तेलकटपणा गेल्यावर ज्या गाडीचा सत्तर टक्के मूळ रंग शिल्लक निघाला, ती तशीच ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या गाडीचे तसे भाग्य नाही ती उघडायची. रिवेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खूण करावी, नाहीतर ड्रिलचे बिट घसरून तळावरच्या अक्षरांवर ओरखडा काढते. मग खांबापेक्षा किंचित जाड, साधारण 3 ते 4 मिलिमीटरचे बिट घेऊन सावकाश फिरवावे. इथे फक्त पसरवलेली कड कापायची असते, खांब खायचा नसतो. डोक्याची कड सुटून बिटाभोवती छोटी चकती फिरू लागली की लगेच थांबावे. तळ हलक्या हाताने उचकटला की निघतो. धातू मऊ आहे. हातड्रिलनेही काम होते आणि नवख्याला तेच बरे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तळ निघाला की एक गोष्ट मन लावून पाहावी. त्याच्या कडेखाली जो रंग दबलेला होता त्याने ऊन पाहिलेले नसते. गाडीचा मूळ रंग तोच. चांगल्या उजेडात फोटो घ्यावा, शक्य तर रंगाच्या दुकानात तोच दाखवून छटा जुळवून घ्यावी. बाहेरच्या विटलेल्या रंगावरून छटा ठरवली की गाडी आयुष्यभर चुकीची दिसते.

काचा, आसने, चाके काढून झाली की रंग उतरवण्याची पाळी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर चालतो, पण त्याची वाफ घातक असते आणि तो प्लास्टिक वितळवतो. गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून लावावा. रंग फुगून सुरकुतला की पितळी तारांच्या ब्रशने काढावा; पोलादी ब्रश जस्तावर ओरखडे काढतो. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच घासावे, आणि हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नये.

चाकांबद्दल थोडक्यात. लेस्नीच्या सुरुवातीच्या गाड्यांना धातूची चाके होती, पुढे राखाडी प्लास्टिकची, मग काळी. सुरुवातीच्या ॲक्सलची टोके चिमटा घेतल्यासारखी चपटी असतात, नंतरची गोल. एकाच क्रमांकाच्या गाडीत हे फरक आढळतात आणि संग्राहक त्यावरून गाडीचा काळ ठरवतात. म्हणून मिळतील ती चाके बसवू नयेत. डिंकीच्या रबरी टायरांच्या प्रतिकृती परदेशात तयार मिळतात. जुने रबर कडक होऊन चिरते, ते बदलण्यात काही गैर नाही.

रंगकामात आपले हवामान आडवे येते. जस्ताच्या गुळगुळीत अंगावर साधा रंग धरत नाही, त्यामुळे आधी एच (etch) प्रायमर लागतो. तो धातूला किंचित चावतो आणि वरच्या थराला पकड देतो. त्याआधी गाडीला उघड्या बोटांनी स्पर्शही करू नये, कारण घामाचे ठसे रंगाखालून उमटतात. स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, एक जाड हात कधीच नको; जाड रंगात दाराच्या फटी बुजतात. पावसाळ्यात लॅकर फवारला की हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर हे महिने गाड्या उघडण्याचे, धुण्याचे, सुटे भाग शोधण्याचे आहेत. रंगाचे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असे. त्याला एक भरीव, साधी चमक होती. आज मिळणाऱ्या क्लिअर कोटने गाडीला खोल काचेसारखी झळाळी येते आणि ती डोळ्याला लगेच खोटी वाटते. 1958 सालच्या ट्रकला 2020च्या मोटारीची चमक देऊ नये. पुढचे दिवे, बंपर यांना कारखान्यात छिद्रांचे साचे लावून चंदेरी रंग फवारत. आपण बारीक ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने लावतो. अक्षरे-चिन्हांसाठी पाण्यात भिजवून सरकवायचे ट्रान्सफर मिळतात.

मग तळ परत बसवायचा. रिवेट आता मोडलेला. काही जण गोंद लावतात, काही नवे डोके चिकटवून मूळ रिवेट असल्याचा भास निर्माण करतात. मी स्क्रूच्या बाजूचा आहे. उरलेल्या खांबात 1.6 मिलिमीटरचे भोक पाडून एम-2 टॅपने आटे पाडावेत: पाव फेरा पुढे, किंचित मागे, थेंबभर तेल. मग छोटा स्क्रू. पुढे कुणाला गाडी पुन्हा उघडायची झाली तर पुन्हा ड्रिल लावावे लागत नाही, आणि गाडी उघडली गेली होती हे कुणापासून लपत नाही.

हे न लपणे मला फार महत्त्वाचे वाटते. कॉर्गीची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन घ्या. 1965 साली आलेली ही गाडी लाखोंनी खपली. बटण दाबले की छप्पर उघडून शेजारच्या आसनावरचा माणूस बाहेर उडतो. चित्रपटातली गाडी चंदेरी, पण खेळणे सोनेरी निघाले. चंदेरी आवृत्ती 1968 मध्ये आली. उडणारा माणूस हमखास हरवतो आणि त्याची नवी प्रतिकृती बाजारात मिळते. सोनेरी रंगही करता येतो. कुशल हाताने केलेली अशी गाडी पाहून खरी कोणती, हे ओळखणे कठीण होते. मूळ रंगाच्या, चार टवके उडालेल्या गाडीला संग्राहक नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त किंमत देतात, आणि म्हणूनच नवी रंगवलेली गाडी मूळ म्हणून खपवण्याचा मोह तयार होतो. यात फसवला जातो तो एकटा गिऱ्हाईक नाही. अशा गाड्या एकदा संग्रहांत शिरल्या की कुठला रंग कारखान्याने खरोखर वापरला होता, कुठल्या चाकांसह गाडी विकली गेली होती, याचा पुरावाच गढूळ होतो.

तेव्हा सुरुवात करायची असेल तर दुर्मीळ गाडीला हात लावू नका. भंगाराच्या भावात मिळणारी, दोन चाके गेलेली, रंग पार उडालेली मॅचबॉक्स किंवा हॉट व्हील्स घ्या. तिच्यावर रिवेट, रिमूव्हर, प्रायमर सगळे शिकून घ्या. आणि गाडी बंद करण्याआधी तळाच्या आतल्या बाजूला कायम टिकणाऱ्या शाईने लिहा: रंग नवा, चाके नवी, साल अमुक. विकायची किंवा कुणाला द्यायची वेळ आली तर ते तोंडानेही सांगा.